कॅमेरा बिघडलाय की सेटिंग चुकलंय? नवरात्रापासून उत्तरायणापर्यंत बडोद्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पितृपक्ष लागला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी फोन वाजू लागतात. "अरे, जरा कॅमेरा बघतोस का? गेल्या नवरात्रानंतर हात लावला नव्हता, आता चालतच नाही." मी दुरुस्तीचं दुकान चालवत नाही. बरीच वर्षं गरब्याच्या मैदानात, उत्तरायणाला गच्चीवर आणि रविवारी सकाळी कमाटीबागेत कॅमेरा घेऊन फिरतो, त्यामुळे ओळखीतली माणसं विचारतात. आलेले बहुतेक कॅमेरे धडधाकट असतात. कुठेतरी एखादी खिटी सरकलेली असते, कुणीतरी डायल फिरवलेली असते. चांगला कॅमेरा केवळ तेवढ्यासाठी वर्षभर कपाटात पडून राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

डायलवरच्या पी, ए, एस, एम या अक्षरांचा अर्थ काय? मी कुठलं वापरू?

फोटोत किती उजेड येणार हे तीन गोष्टी ठरवतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक किती उघडं आहे. ते डोळ्याच्या बाहुलीसारखं लहान-मोठं होतं. शटर स्पीड म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहतो. आणि आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो. मोड निवडणं म्हणजे या तिघांपैकी कोणती गोष्ट तुम्ही ठरवणार आणि कोणती कॅमेऱ्यावर सोडणार, एवढंच सांगणं. कॅमेऱ्याला उजेड मोजता येतो. तुमच्या मनात फिरणारा घागरा आहे की घागऱ्यावरचं भरतकाम, हे त्याला कळत नाही.

ए मोडमध्ये अ‍ॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं. एस मोडमध्ये शटर तुमचं, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याचं. कॅननच्या कॅमेऱ्यांवर यांनाच एव्ही आणि टीव्ही म्हणतात. टीव्हीमधला 'टी' टाइमचा, म्हणजे वेळेचा. पी मोडमध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो, पण चाक फिरवून तुम्ही जोडी बदलू शकता. एममध्ये सगळं तुमच्या हातात.

अ‍ॅपर्चरच्या आकड्यांत सगळे एकदा तरी गोंधळतात. आकडा लहान तितकं भोक मोठं. एफ १.८ ला भरपूर उजेड आत येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. एफ ११ ला उजेड कमी, पण समोरच्या माणसापासून मागच्या देवळाच्या कळसापर्यंत सगळं स्पष्ट.

माझं मत विचाराल तर घरातल्या समारंभांना, प्रवासात, बागेत ए मोड ठेवा. काहीही हलत-पळत असेल तर एस. एम मोड जिथे उजेड बदलत नाही तिथे सोपा जातो, उदाहरणार्थ नाटकाचा रंगमंच किंवा चंद्र. 'एममध्ये काढतो तोच खरा फोटोग्राफर' ही समजूत मुलांच्या डोक्यातून लवकर काढून टाका. तिच्यापायी चांगले क्षण हातचे जातात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते इथेच, बडोद्याच्या कलाभवनात, आणि पुढे गोध्र्याला त्यांनी स्वतःचा फोटो स्टुडिओ काढला. तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या आणि प्रत्येक चूक खर्चाची होती. आपल्याला चुकायला पैसे पडत नाहीत, म्हणून डायल फिरवून बघायला घाबरू नका.

ऑटोवर ठेवलं तर काय बिघडतं?

दिवसाउजेडी काहीच नाही. अंधारात मात्र ऑटो फ्लॅश उडवतो, समोरचे दोन चेहरे पांढरेफटक करतो आणि मागचं सगळं मैदान काळोखात बुडवतो. शिवाय ऑटोमध्ये मेनूतले बरेच पर्याय कॅमेरा बंद ठेवतो. "व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणं) बदलताच येत नाही" किंवा "रॉचा (नंतर रंग-उजेड बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलचा) पर्याय दिसतच नाही" अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी आधी डायल पीवर फिरवतो. बहुतेकदा पर्याय लगेच दिसू लागतात.

गरब्याचे फोटो सगळे हललेले येतात. कॅमेरा खराब झाला का?

हा बडोद्याचा पहिल्या नंबरचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी फोटो मोठा करून मागचा खांब किंवा मंडपाचा बांबू बघा. बांबूही हललेला दिसत असेल तर तुमचा हात हलला. बांबू स्पष्ट आणि गरबा रमणारी, म्हणजे खेळणारी, माणसं पुसट असतील तर हात स्थिर होता, शटर हळू होतं. दोन्हींची औषधं वेगळी. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन फक्त हाताचं कंपन सावरतं. ते फिरणाऱ्या माणसाला थांबवू शकत नाही. महागडी लेन्स घेऊनही फोटो हलतात म्हणणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच असतो.

एस मोड लावा. संथ सुरुवातीच्या गरब्याला १/२५० सेकंद पुरतं. लय चढली, गिरक्या सुरू झाल्या की १/५०० लागतं. आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ६४०० करा. फोटोत थोडे दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार पण स्पष्ट फोटो घरचे लोक जपून ठेवतात, हललेला कोणी ठेवत नाही.

आता लेन्स. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स झूम केली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. १८ वर मात्र एफ ३.५ मिळतं. म्हणून तिच्याबरोबर झूम न करता पुढे जाऊन उभे राहा. वर्षातून एकच खर्च करणार असाल तर ५० एमएम एफ १.८ घ्या. एफ ५.६ च्या तुलनेत तिच्यातून जवळपास दहापट उजेड येतो. म्हणजे ज्या उजेडात आधी १/५० मिळत होतं, तिथे १/५०० मिळतं. एकाच लेन्सने एवढा फरक पडतो.

उरलेलं काम नजरेचं. टाळी वाजते त्या क्षणी हात आणि धड पळभर थांबतात. गिरकीच्या शेवटी घागरा पूर्ण फुललेला असतो आणि चेहरा तुमच्याकडे वळतो. दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा, पावलांची मोजणी कानात बसू द्या, आणि मग टाळीच्या किंचित आधी बटण दाबा. आपण बडोदेकर लहानपणापासून हा ताल ऐकत आलो आहोत. हे भांडवल बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरकडे नसतं.

मुद्दाम हललेला फोटोही सुंदर दिसतो. शटर १/१५ ठेवा आणि वर्तुळात धावणाऱ्या एकाच व्यक्तीबरोबर कॅमेरा फिरवत न्या. चेहरा बराचसा जागेवर राहतो आणि मागचे रंग ओढल्यासारखे पसरतात. वीसातला एक जमतो, पण त्या एकाची सर दुसऱ्या कशाला येत नाही.

आणि एक विनंती. रमणाऱ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारू नका; अंधारी येऊन पाऊल चुकतं. अनोळखी मुलीचा जवळून फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, नको म्हणाली तर कॅमेरा खाली घ्या.

फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात. सेन्सर गेला का?

बहुधा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण जलद शटर त्या चढउताराचा एखादाच तुकडा पकडतं आणि पट्टे उमटतात. स्टेजसमोर फारशी हालचाल नसेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा; त्यात दिव्याचं पूर्ण आवर्तन येतं. गरब्यात इतकं हळू शटर चालत नाही, तिथे दोन उपाय. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात शटर 'इलेक्ट्रॉनिक' वर असेल तर ते 'मेकॅनिकल' करा. 'सायलेंट' मोड चुकून चालू राहिल्यामुळे पट्टे येतात हे मी अनेकदा पाहिलं आहे. आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याचं गणित वेगळं असतं; तिथे शटर थोडं पुढे-मागे करून पट्टे नाहीसे होतात का ते बघावं लागतं.

चेहरे केशरी आणि देवी पिवळी दिसते.

व्हाइट बॅलन्स. हॅलोजनचा उजेड तांबूस असतो. कॅमेऱ्यात बल्बचं चिन्ह निवडा किंवा आकडा घालता येत असेल तर ३२०० केल्विन घाला. एकाच मैदानात हॅलोजन, एलईडी आणि रस्त्यावरचे दिवे एकत्र असतील तर कुठलीच एक सेटिंग सगळ्यांना लागू पडत नाही. तिथे रॉमध्ये काढा, घरी रंग ठरवा. आरतीच्या फोटोत मात्र तांबूस झाक पूर्ण काढू नका. निरांजनाच्या उजेडात चेहरा पांढरा दिसला तर ती आरती वाटतच नाही.

पांढरं केडियुं (गरब्यातला पुरुषांचा घेरदार अंगरखा) राखाडी का येतं? आणि काळी म्हैस करडी का?

कारण कॅमेरा समोर जे असेल ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. पांढरेशुभ्र कपडे चौकटभर आले की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. काळं काही चौकटभर आलं की उलट. उपाय अधिक-उण्याच्या चिन्हाचं बटण. पांढऱ्यासाठी +१, काळ्यासाठी -१. काम झालं की शून्यावर आणायला विसरू नका. "सगळेच फोटो अंधारे येतात" म्हणून आलेले कितीतरी कॅमेरे मी फक्त ही खूण शून्यावर आणून परत दिले आहेत.

उत्तरायणाला पतंग काळा ठिपका दिसतो, नाहीतर फोकसच होत नाही.

काळा ठिपका होण्याचं कारण वर सांगितलं तेच: चौकटभर उजळ आकाश. +१ करा. एक पर्याय मात्र आधी वापरून बघा. पतंग तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येऊ द्या, सूर्य चौकटीबाहेर ठेवून. पातळ कागदातून उजेड आरपार येतो, कामटी आणि जोड स्पष्ट दिसतात आणि रंग आतून पेटल्यासारखे होतात. १४ जानेवारीला सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर हा उजेड गच्चीवर छान मिळतो.

फोकससाठी सलग फोकसचा मोड लावा. निकॉन-सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर एआय सर्व्हो किंवा नुसतं सर्व्हो. फोकसचा बिंदू एकच ठेवा, मधला. रिकाम्या आकाशात लेन्स पुढे-मागे भटकते, कारण तिला पकडायला काही सापडत नाही. आधी समोरच्या टाकीवर किंवा तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या पतंगावर फोकस धरा, मग आकाशात जा. शटर १/१००० च्या आसपास.

खरे फोटो मात्र पुष्कळदा आकाशात नसतातच. फिरकी धरून कंटाळलेली धाकटी बहीण, "काप्यो छे!" ओरडताना फाकलेली तोंडं, उंधियूचं पातेलं, शेजारच्या गच्चीवरच्या काकांची उन्हाची टोपी. ए मोड, एफ ५.६, आणि पाठ आकाशाकडे.

आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही बघू नका, टेलिफोटो लेन्स लावून तर नाहीच. डोळ्याला कायमची इजा होते. मांज्याचीही काळजी घ्या. कॅमेऱ्यात डोकं घालून मागे सरकताना कठडा कुठे संपतो ते कळत नाही. एक माणूस शेजारी उभा ठेवा.

बटण दाबतो, पण फोटोच निघत नाही.

या क्रमाने बघा. बटण अर्धं दाबल्यावर फोकस होतो का? नसेल तर तुम्ही फार जवळ आहात का बघा. १८-५५ सारख्या लेन्सला साधारण पाव मीटर अंतर लागतं. मग लेन्सवरची खिटी एएफवर (आपोआप फोकस) आहे की एमएफवर (हाताने फोकस). मग टायमर चालू राहिलाय का. मग कार्ड भरलंय का. एवढं झाल्यावरही हटून बसला तर बॅटरी काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा घाला.

निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, जुनी ५० एमएम एएफ-डी लेन्स लावली असेल तर आपोआप फोकस होणारच नाही. त्या लेन्समध्ये मोटर नसते आणि या बॉडीतही नसते. लेन्स चांगली आहे, कॅमेराही चांगला आहे. फोकस हाताने करावा लागेल. वापरलेली लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून घेण्याआधी एवढं विचारून घ्या.

व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धूसर दिसतं, फोटो मात्र छान येतो.

व्ह्यूफाइंडरच्या कडेला छोटं चाक किंवा खिटी असते, चष्म्याच्या नंबरासारखी. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. घरात दुसऱ्या कोणी वापरला की हे नेहमी बदललेलं असतं.

पडद्यावर एरर ०१, एफईई, एफ आणि दोन रेघा असं काहीतरी येतं.

कॅननवर एरर ०१ म्हणजे लेन्स आणि बॉडीचा संवाद तुटला. कॅमेरा बंद करून लेन्स काढा. मागच्या बाजूला सोनेरी टिकल्यांची ओळ दिसेल. ती आणि बॉडीवरची जोडीची ओळ कोरड्या, मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. लेन्स 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. नवरात्रात घामाचे हात लागून लागून हे फार होतं.

निकॉनवर एफईई दिसलं की लेन्सवर अ‍ॅपर्चरचं कडं आहे आणि ते सरकलंय. सर्वांत मोठ्या आकड्यावर, बहुधा १६ किंवा २२ वर, फिरवा आणि लॉक असेल तर लावा. एफसमोर दोन रेघा म्हणजे बहुधा लेन्स नीट बसलेली नाही.

खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली तर हाताने ओढू किंवा ढकलू नका. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून पाहा, ब्लोअरने फटीत हवा मारा. दमण किंवा वलसाडजवळच्या तिथल गावच्या किनाऱ्याहून आल्यावर हे होत असेल तर आत वाळूचे कण आहेत, आणि जोर केला की आतले दाते तुटतात.

'कार्ड लॉक्ड' किंवा 'कार्ड वाचता येत नाही' असं येतं.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खिटी असते. ती खाली सरकली की कार्ड लिहू देत नाही, वर करा. खिटी सैल झाली असेल तर ते कार्ड बाद करा.

जुन्या कॅमेऱ्यात नवं मोठं कार्ड घातलं तरी असं होतं. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली, त्यावरची एसडीएक्ससी २००९ मध्ये. २००५ चा कॅमेरा ६४ जीबीचं कार्ड ओळखणार नाही, त्याला २ जीबीचं साधं एसडी शोधावं लागेल. वडिलांचा जुना कॅमेरा चालू करायला अनेक मुलं येतात. बहुतेकांना फक्त तेवढंच हवं असतं.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा, कॉम्प्युटरवर नाही. आणि फॉर्मॅटआधी फोटो दोन ठिकाणी उतरवलेले असू देत.

चुकून सगळे फोटो उडाले. परत मिळतील?

पुष्कळदा मिळतात, एका अटीवर: त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. डिलीट किंवा साधं फॉर्मॅट केल्यावर फोटो लगेच पुसले जात नाहीत, फक्त यादी पुसली जाते. नवीन फोटो आले की मग जुने खरोखर चिरडले जातात. कार्ड काढून बाजूला ठेवा. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याने सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे.

माझ्या मावशीच्या साठीशांतीचे फोटो मी असेच गमावले होते. लक्षात आलं तेव्हा त्या कार्डावर मी आणखी चाळीसेक फोटो काढून बसलो होतो. बाकी सगळं परत आलं, पण ओवाळणीचे नेमके ते फोटो आले नाहीत. मावशी आता नाही. तेव्हापासून समारंभाला मी दोन कार्डं नेतो आणि घरी पोचल्यावर हातपाय धुण्याआधी फोटो उतरवतो.

आकाशात प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट ठिपके दिसतात.

सेन्सरवर धूळ. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून खात्री करा. एफ ४ वर तेच ठिपके जवळजवळ गायब होतील. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ अशी दिसत नाही, त्यामुळे काच पुसून काही फरक पडणार नाही. मेनूतून सेन्सर क्लीनिंग करा. तेवढ्याने गेलं नाही तर पूर्ण चार्ज बॅटरीवर हाताने सफाईचा मोड लावा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर नाही, थुंकीचे कण उडतात. डब्यातली दाबलेली हवाही नाही, तिच्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं.

बुरशी. बडोद्यात पावसाळा संपला की हे ऐकायला मिळतं आणि दरवेळी माझा जीव हळहळतो, कारण हे टाळता येतं. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडेच असतात. ओल आणि अंधार मिळाला की ते काचेवर वाढतात. कातडी किंवा कापडी केसमध्ये घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात जून ते सप्टेंबर ठेवलेली लेन्स म्हणजे त्यांच्यासाठी तयार शेत. नवीन जाळी असेल तर लेन्स उघडून साफ होते. जुनी असेल तर काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि डाग तसेच राहतात. माझी एक ८५ एमएम लेन्स अशी गेली. ती मी केसमध्येच ठेवली होती, फार जपून.

आता स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा वापरतो. आत सिलिका जेल आणि ओल मोजणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण बिघडतं. निळी जेल गुलाबी झाली की तिने ओल पूर्ण शोषली. गरम करून पुन्हा निळी करता येते. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी, म्हणून खायच्या भांड्यात भाजू नका. नारिंगी जेल घेतलीत तर बरं. डब्यात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवू नका. आपल्या आज्यांच्या पैठणीला ते चालतं, कॅमेऱ्याला नाही. आणि सर्वांत सोपा उपाय: श्रावणातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, वापरा. रोज हाताळलेल्या लेन्सला बुरशी क्वचितच लागते.

एसीच्या गाडीतून दमट मैदानात उतरल्यावर काचेवर धुकं साचतं, तो प्रकार वेगळा. पुसत बसू नका, लेन्स तर मुळीच बदलू नका. पोचायच्या आधीच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या हवेत वीसेक मिनिटं तसाच राहू द्या.

तारीख सारखी मागे जाते.

आत घड्याळासाठी एक छोटा सेल असतो आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो. भरलेली बॅटरी घालून कॅमेरा दोन-तीन दिवस तसाच ठेवा, मग तारीख लावा. तरी टिकली नाही तर सेल संपला. बॅटरी फुगलेली दिसली, आत बसायला घट्ट झाली, तर ती लगेच वापरातून काढा.

म्युझियममधल्या काचेत माझंच प्रतिबिंब येतं.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा मोकळ्यावर आहे, पण बऱ्याच वस्तू काचेआड आहेत. आधी फोटोची परवानगी विचारून घ्या. फ्लॅश बंद, लेन्सच्या तोंडावर लावायचं रबरी कडं (हूड) काचेला हलकेच टेकवा, गडद रंगाचा शर्ट घाला. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघताना मात्र घाई करू नका, आणि चित्रांवर फ्लॅश नाहीच नाही. आयएसओ १६००, भिंतीला समांतर उभे राहा, नाहीतर एक कड धूसर येते.

विश्वामित्रीतली मगर १८-५५ ने येईल का?

येईल, पण लाकडाच्या ओंडक्यासारखी. ३०० एमएम लागेल. पुलावरूनच काढा. ओंडक्यासारखा फोटो आला तरी चालेल, काठावर उतरू नका.

कोजागिरीचा चंद्र पांढरा ठिपकाच का येतो?

सभोवतालचा काळोख बघून कॅमेरा फोटो उजळत नेतो, आणि चंद्र जळून जातो. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं हे लक्षात ठेवा. एम मोड, एफ ११, आयएसओ १००, शटर १/१००. आयएसओ २०० केलं तर शटर १/२००. हवेत धुरकटपणा असेल तर थोडं हळू करा. फोकस हाताने, पडद्यावर मोठं करून.

चंद्र आणि शरद पुनमेचा गरबा एकाच फोटोत पाहिजे असेल, तर काळोख पडल्यावर ते एका क्लिकमध्ये होत नाही. दोघांच्या उजेडात फार अंतर आहे. संध्याकाळी चंद्र नुकताच वर येत असतो, आकाश अजून निळं असतं, त्या पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही जमतात. जागा आदल्या दिवशी बघून ठेवा.

दुरुस्तीला कधी द्यावा?

पाण्यात पडला असेल तर लगेच. बॅटरी काढा, पुन्हा चालू करून बघू नका, तांदळात पुरू नका. तांदळाची पूड आत जाते. शटरचा पडदा फाटलेला दिसत असेल, लेन्सचं कडं फिरताना करकरत असेल, पडल्यानंतर एका बाजूचा फोकस गेला असेल, तरीही द्या. देण्याआधी कार्ड आणि बॅटरी घरी काढून ठेवा, बॉडी आणि लेन्सचे नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि अडचण दाखवणारे दोन फोटो सोबत न्या. नुसतं "चालत नाही" म्हणू नका. कुठल्या मोडमध्ये, कुठल्या लेन्सवर, किती वेळाने होतं ते कागदावर लिहून द्या. मागे एका दुकानात माझी बॉडी दोन महिने पडून राहिली, कारण चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'बंद'. पुढच्या खेपेला मी अर्धं पान लिहून दिलं, आणि चौथ्या दिवशी फोन आला.